जुना रिलोडिंग प्रेस घेताना: आट्यांपासून रॅमपर्यंत काय काय तपासायचं

घरी काडतुसं रिलोड करायला, म्हणजे उडालेल्या काडतुसाची रिकामी केस (पुंगळी) पुन्हा भरायला, जी साधनं लागतात, त्यांत सगळ्यात जास्त वर्षं टिकतो तो प्रेस. एक जाड फ्रेम, तिच्यात वर-खाली सरकणारा रॅम, तो ढकलणाऱ्या दोन लिंक, तीन-चार पिना आणि एक हँडल, एवढाच त्याचा संसार. मोटर नाही, सर्किट नाही. म्हणूनच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा बिडाचा प्रेस आजही नव्याच्या तोडीचं काम देतो. वापरलेला घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त दोन गोष्टी नीट बघाव्या लागतात: तो नेमका कुठे झिजलाय आणि त्याचं काय हरवलंय. माझं स्पष्ट मत असं, की पहिलाच प्रेस घेत असाल तर ओ-आकाराच्या फ्रेमचा बिडाचा सिंगल-स्टेज (एका वेळी एकाच केसवर एकच काम करणारा) जुना बेधडक घ्या. प्रोग्रेसिव्ह (एका फेरीत अनेक केसेसवर कामं करणारा) जुना घ्यायचा असेल, तर तो पूर्ण असला आणि कंपनी अजून सुटे भाग देत असली, तरच हात घाला.

सगळ्यात आधी कायदा. काही देशांत शस्त्रपरवाना असलेला माणूस घरी रिलोडिंग करू शकतो. काही ठिकाणी प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (दारू) यांसाठी वेगळी परवानगी लागते. काही देशांत तर काडतुसं बनवायचं यंत्र जवळ ठेवणंसुद्धा परवान्याशिवाय गुन्हा ठरतं. आपण राहतो तिथला नियम लेखी स्वरूपात वाचल्याशिवाय विकणाऱ्याला फोनसुद्धा करू नका.

पहिली पायरी: काडतूस ठरवा, मग प्रेस

लोक उलटं करतात. चांगला दिसला म्हणून प्रेस उचलतात आणि मग त्यात आपलं काडतूस बसवायला जातात. तुम्ही कोणतं काडतूस भरणार आणि महिन्याला साधारण किती, हे आधी कागदावर लिहा.

पिस्तुलाच्या ९ मिमी ल्यूगरची केस जेमतेम १९.१५ मिमी लांब असते. रायफलच्या .३०-०६ स्प्रिंगफिल्डची केस ६३.३५ मिमी, आणि वर बुलेट बसल्यावर पूर्ण काडतूस ८५ मिमीच्या आसपास जातं. रॅम पूर्ण खाली असताना केस, तिच्या तोंडावर ठेवलेली बुलेट आणि तुमची बोटं एवढं सगळं डायच्या (प्रेसच्या माथ्यावर बसणाऱ्या, केसला आकार देणाऱ्या साच्याच्या) खाली मावलं पाहिजे. पिस्तुलाच्या काडतुसांसाठी बनवलेल्या छोट्या प्रेसमध्ये रायफलची लांब केस आत जातच नाही. शिवाय रायफलची बाटलीसारख्या खांद्याची केस फुल-लेंग्थ साइझ करायला, म्हणजे डायमध्ये पूर्ण दाबून मूळ मापावर आणायला, पिस्तुलाच्या सरळ केसपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. त्या कामाला फ्रेमही दमदार हवी आणि हँडलही लांब हवं.

संख्येचं म्हणाल, तर शिकारीसाठी किंवा अचूक नेमबाजीसाठी थोडी पण नीट काडतुसं भरणाऱ्याला सिंगल-स्टेज पुरतो. दर आठवड्याला पिस्तूल चालवणाऱ्याला टरेट (फिरत्या चकतीत अनेक डाय बसणारा) सोयीचा पडतो. स्पर्धेसाठी शेकड्यांनी लागत असतील तरच प्रोग्रेसिव्हचा विचार करा. त्यात एका वेळी चार-पाच केसेसवर वेगवेगळी कामं चाललेली असतात. एखाद्या केसमध्ये पावडर दोनदा पडली किंवा पडलीच नाही, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. पहिली चूक थेट बंदूक फोडू शकते, आणि दुसरीत बुलेट नळीत अडकून पुढची गोळी जीवघेणी ठरते. सिंगल-स्टेजवर प्रत्येक केस हातात येते. तिच्यात डोकावून बघायची सवय तिथेच लागते.

दुसरी पायरी: तुमच्या डाय आणि शेल होल्डर (केस बुडाशी पकडणारा तुकडा) बसतात का

हा प्रश्न फोनवरच विचारून टाका, म्हणजे फुकटची फेरी वाचते.

आज बहुतेक सगळ्या डायना ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४ आटे असतात. आरसीबीएस, ली, रेडिंग, हॉर्नडी, लायमन यांच्या डाय एकमेकांच्या प्रेसमध्ये बसतात त्या यामुळेच. पण फार जुन्या काही प्रेसना वेगळे आटे असत, आणि त्यांच्या डाय आता शोधूनही मिळत नाहीत. .५० बीएमजीसारखी अवाढव्य काडतुसं मुळात ७/८ च्या डायमध्ये मावत नाहीत, त्यांचं सगळंच वेगळं. काही मोठ्या प्रेसच्या माथ्यावर एक काढता येणारं बुश (आटे असलेली कडी) असतं. ते काढलं की मोठ्या डाय बसतात, लावलं की ७/८ च्या. विकणाऱ्याकडे ते बुश आहे ना, ते पाहा. हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड प्रेसमध्ये डाय फिरवून खटक्यात बसवायची सोय आहे. तिथेही बुश गायब असतील तर डाय लावायलाच जागा उरत नाही.

डिलनचा स्क्वेअर डील बी हा छोटा प्रोग्रेसिव्ह जुन्या बाजारात बऱ्याचदा दिसतो आणि मोहात पाडतो. यंत्र उत्तम आहे, पण ते फक्त पिस्तुलाच्या काडतुसांसाठी आहे आणि त्याला डिलनच्याच खास डाय लागतात. तुमच्याकडे ७/८ च्या डायचे संच असतील तर ते तिथे निरुपयोगी आहेत.

शेल होल्डरचंही तसंच. रॅमच्या डोक्यात सरकवून बसवायचे शेल होल्डर आता जवळपास सगळीकडे एका घाटाचे आहेत. हर्टर्ससारख्या बंद पडलेल्या कंपनीच्या प्रेसला मात्र स्वतःचे वेगळे होल्डर लागत. असा प्रेस बिडाचा, वजनदार आणि देखणा असतो, पण होल्डर नसतील तर तो निव्वळ वजन आहे. फॉर्स्टरचा को-ॲक्स अपवाद. त्यात शेल होल्डरच नसतो, दोन जबडे केसची कड पकडतात आणि डाय खाचेत सरकवतात. चांगल्या अवस्थेतला को-ॲक्स मिळाला तर मी तरी फार विचार करणार नाही, फक्त जबडे घासले गेले नाहीत ना आणि त्यांच्या स्प्रिंग जागेवर आहेत ना, हे बघेन.

तिसरी पायरी: जाताना पिशवीत काय असावं

तुमच्या काडतुसाची साइझिंग डाय, तिचा शेल होल्डर, पाच-सहा रिकाम्या केसेस, केसला लावायचं वंगण, छोटा टॉर्च, भिंग, ॲलन की, चिंध्या, थोडं रॉकेल आणि एक पांढरा खडू. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं साधन) असेल तर सोबत घ्या, नसेल तरी अडत नाही. केसेसमधले प्रायमर आधीच उडालेले असावेत. जिवंत प्रायमर लावून चाचणी कधीच करायची नाही.

विकणाऱ्याला सांगून ठेवा, की प्रेस बाकावर बोल्टने आवळलेला हवा. हातात धरलेल्या किंवा जमिनीवर ठेवलेल्या प्रेसवर ना जोर लावता येतो, ना ढिलेपणा कळतो. तो बाकावर बसवायला तयार नसेल तर मी पुढे जाणार नाही.

चौथी पायरी: फ्रेमला तडा

झिजलेली पिन बदलता येते, तडकलेली फ्रेम नाही. म्हणून सुरुवात इथून. ओ-आकाराची बंद फ्रेम बिडाची असो की पोलादाची, सहसा तडकत नाही. सी-आकाराची, पुढून उघडी फ्रेम, त्यातही ॲल्युमिनियमची, जोर लावला की किंचित उघडते. वर्षानुवर्षं रायफलच्या केसेस साइझ केल्या असतील, तर तिच्या आतल्या वळणावर बारीक तडा जाऊ शकतो. तीन जागा बघायच्या: सी-चं आतलं वळण, डायच्या आट्यांभोवतीची कड आणि बाकाला आवळायचे कान. अडकलेली केस सोडवायला कुणी हँडलला पाइप लावून लोंबकळलं असेल, तर पहिला मार या कानांना बसतो.

रंगाखाली तडा दिसत नाही. तिथे खडू कामी येतो. संशयाच्या जागी बोटाने रॉकेल लावा, दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग कोरड्या चिंधीने स्वच्छ पुसून खडू घासा. पांढऱ्या पुडीच्या थरावर हळूहळू धाग्यासारखी बारीक ओली रेघ उमटली, तर रॉकेल आतून परत येतंय, म्हणजे तिथे भेग आहे. रेघ नाही उमटली तर पुसून टाका आणि पुढे चला. रंगाचा पोपडा उडालाय, वरवर गंज आहे, हँडलची मूठ तुटलीय, यांनी काही बिघडत नाही. भाव पाडायला मात्र ती कारणं चांगली आहेत.

वेल्डिंगचा डाग दिसला तर प्रेस सोडून द्या. बीड वेल्ड केलं की आत ताण राहतात, आणि डायची जागा रॅमच्या रेषेतून हलली असेल तर ती पुन्हा सरळ करणं घरच्या हत्यारांनी होत नाही.

डायचे आटे हाताने तपासा. तुमची डाय बोटांनीच शेवटपर्यंत फिरली पाहिजे. मध्येच अडकली तर आधी घाण पुसून पाहा. बऱ्याचदा वाळलेलं वंगण आणि पितळाचा चुरा असतो.

पाचवी पायरी: रॅम आणि लिंक

जुन्या प्रेसचा खरा इतिहास रॅमवर लिहिलेला असतो. रॅम पूर्ण वर न्या, चिंधीने पुसा आणि टॉर्च तिरका धरून बघा. उभे ओरखडे दिसतील. ते बहुतेक वेळा उडालेल्या प्रायमरच्या राखेचे असतात. प्रायमरच्या मिश्रणात काचेची पूड असू शकते. केसमधून प्रायमर ढकलून काढताना ती करडी राख रॅमवर पडते, तेलाला चिकटते आणि प्रत्येक फेरीत बारीक पॉलिश पेपरसारखी काम करते. नखाने रॅमवरून आडवं फिरवा. डोळ्याला दिसतो पण नखाला लागत नाही तो ओरखडा मनावर घेऊ नका. नख अडकत असेल तर फ्रेमच्या भोकालाही तेवढीच इजा झाली आहे असं धरा. ली क्लासिक कास्टसारख्या काही प्रेसमध्ये जुने प्रायमर पोकळ रॅममधून नळीने खाली जातात, त्यामुळे त्यांचे रॅम जास्त स्वच्छ राहतात.

आता ढिलेपणा. रॅम वरच्या टोकाला असताना शेल होल्डर बोटांत धरून पुढे-मागे हलवा, मग डावीकडे-उजवीकडे. थोडा खेळ प्रत्येक प्रेसमध्ये असतो, आणि केस डायमध्ये शिरली की ती स्वतःच मध्यावर येते, म्हणून नुसत्या खेळाने घाबरू नका. बघायचं ते दोन दिशांतला फरक. लिंक रॅमला सरळ वर ढकलत नाहीत, तिरक्या ढकलतात, त्यामुळे भोक पुढे-मागे जास्त झिजतं आणि हळूहळू अंडाकृती होतं. डावीकडे-उजवीकडे जवळपास घट्ट आणि पुढे-मागे खडखड अशी अवस्था असेल, तर रॅम भाराखाली एका बाजूला झुकणार. डायल गेज टेकवलं तर हा फरक लगेच आकड्यात दिसतो. असा प्रेस पिस्तुलाच्या कामाला चालेल, अचूक रायफलच्या कामाला नको.

पिना बघायला हँडल मध्यावर धरून हलकेच वर-खाली करा. रॅम हलायच्या आधी हँडल किती मोकळं फिरतं? प्रत्येक सांध्याला बोट लावून ठेवलं की ढिली पिन बोटाला टिकटिक जाणवते. पिना आणि त्यांच्या क्लिप हा या यंत्राचा सगळ्यात स्वस्त भाग. मॉडेल चालू असेल तर कंपनीकडून मिळतात. पण भोकच मोठं झालं असेल तर नवी पिन टाकूनही खेळ राहील. म्हणून एक पिन बाहेर काढून बघायचा आग्रह धरा. पिनेला मधोमध खाच पडली असेल आणि भोक गोल असेल, तर सौदा चांगला आहे.

सहावी पायरी: भार देऊन बघा

इथवर सगळं ठीक वाटलं तरी केस साइझ केल्याशिवाय पैसे मोजू नका. रिकामा रॅम वर न्या, डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत फिरवा, रॅम थोडा खाली घेऊन डाय अजून जराशी आत घ्या आणि लॉक करा. केसला वंगण नीट लावा. वंगणाशिवाय घातलेली रायफलची केस डायमध्ये अशी रुतते की काढताना तिची कड उपटून येते. (कार्बाइडच्या पिस्तुल डायमध्ये सरळ केसला वंगण लागत नाही.)

आता केस घालून हँडल पूर्ण खाली दाबून धरा आणि मागून टॉर्च लावून डाय आणि शेल होल्डर यांच्या मधल्या फटीकडे बघा. उजेड अजिबात आला नाही तर उत्तम. सगळीकडून सारखी बारीक फट दिसली, तर फ्रेम किंचित ताणली जातेय. डाय आणखी थोडी आत घेऊन पुन्हा करा, फट मिटली की प्रश्न मिटला. एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला उजेड, असं पाचरीसारखं दिसलं तर शेल होल्डर अर्धा फिरवून पुन्हा बघा. उजेड होल्डरबरोबर फिरला तर दोष होल्डरचा. जागेवरच राहिला तर दोष रॅमचा किंवा फ्रेमचा, आणि तो दुरुस्त होणारा नाही.

ही फट महत्त्वाची का? फुल-लेंग्थ साइझ करताना केसचा खांदा किती मागे जातो हे त्या शेवटच्या अगदी किंचितशा अंतरावर ठरतं. ते दर केसला बदलत राहिलं, तर काही काडतुसं चेंबरमध्ये (बंदुकीतल्या काडतुसाच्या जागेत) घट्ट बसतील आणि काही सैल. सैल बसणाऱ्या केसेस उडवताना ताणल्या जातात आणि काही वापरांनंतर बुडाजवळ फाटतात. म्हणून चार-पाच केसेस साइझ करून खांद्याचं माप कम्पॅरेटरने (खांद्याची जागा मोजायच्या साधनाने) ताडून बघता आलं तर जरूर बघा.

टरेट आणि प्रोग्रेसिव्हचं वेगळं

टरेटमध्ये वरच्या सगळ्या चाचण्या करायच्याच, शिवाय डायची चकती भाराखाली किती उचलली जाते ते बघायचं. थोडी उचलली जाणं ठीक, पण दर वेळी तेवढीच उचलली गेली पाहिजे. रेडिंग टी-७ सारख्या प्रेसमध्ये मधला बोल्ट आवळून बघा. लीच्या टरेटमध्ये चकती आपोआप फिरवणारा प्लास्टिकचा छोटा रॅचेट असतो. अर्ध्यात हँडल उलटं फिरवलं की तो खराब होतो. चकती नीट फिरत नसेल तर बहुधा तोच गेलाय, आणि तो अगदी स्वस्तात बदलतो.

प्रोग्रेसिव्हमध्ये बीड सहसा चांगलंच असतं, दुखणं असतं ते फिरणाऱ्या शेलप्लेटमध्ये (केसेस धरणाऱ्या चकतीत) आणि प्रायमर भरवणाऱ्या भागात. प्रायमर आणि पावडर न घालता रिकाम्या केसेस एकेक करून सगळ्या टप्प्यांतून सावकाश फिरवा. प्रत्येक ठिकाणी केस डायच्या मधोमध येते का, प्रायमर बसवणारी पिन केसच्या खोबणीच्या मध्यावर येते का, हे खाली वाकून डोळ्यांनी बघा. प्रायमरच्या नळीभोवती पोलादी संरक्षक नळी असलीच पाहिजे. ती फुगलेली, काळवंडलेली असेल तर आत कधीतरी प्रायमर एकदम उडाले आहेत, मग आजूबाजूचा प्रत्येक भाग संशयाने तपासा.

सुटे भाग मोजा: शेलप्लेट, टूलहेड (डाय बसवायचा वरचा भाग), छोट्या-मोठ्या प्रायमरचे संच, पावडर मेजरचे (मापून पावडर टाकणाऱ्या साधनाचे) बार. तुमच्या काडतुसाचा रूपांतर संच नसेल तर तो वेगळा घ्यावा लागतो आणि कधी कधी यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करतो. डिलनच्या ५५० आणि ६५० या यंत्रांवर कंपनीची हमी पुढच्या मालकालाही मिळते, म्हणून ती जुनी घेताना मला धाकधूक वाटत नाही. १०५० हे व्यावसायिक यंत्र मानलं जातं, त्याला ही हमी लागू नाही.

सिंगल-स्टेजवर प्रायमर बसवायचा दांडा हरवलेला असेल तर मात्र फार ताणू नका. हातात धरायचं प्रायमिंग टूल वेगळं मिळतं, आणि अनेकांना तेच जास्त आवडतं.

सोबत फुकट मिळणारा माल

विकणारा बरेचदा सगळं खोकंच पुढे सरकवतो. डाय, तराजू, मेजर घ्या. पावडर घेऊ नका, मूळ डब्यात असली तरी. डब्यावर एक नाव आणि आत भलतीच पावडर, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. मेजरमध्ये उरलेली पावडर तर नकोच. तिने प्लास्टिकची नळी पिवळी-तपकिरी पडली असेल तर ती पावडर तिथे खूप काळ होती एवढंच कळतं. दुसऱ्याने भरलेली काडतुसंही तशीच. ती कुणाच्याही बंदुकीत घालायची नाहीत.

घरी आणल्यावर

जुन्या प्रेसवरच्या करड्या राखेत शिसं असतं, कारण बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असतं. कोरडा ब्रश मारू नका, हवेने फुंकू नका. हातमोजे घालून ओल्या चिंधीने पुसा, चिंध्या बंद पिशवीत टाका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. मग लिंक सुट्या करा, पिना आणि भोकं रॉकेलने धुवा, रॅमवर उठलेली कड असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून फक्त ती बसवा. संपूर्ण रॅम घासून चकचकीत करायच्या फंदात पडू नका, त्याने तो बारीक होतो आणि ढिलेपणा वाढतो. पिनांना ग्रीस, रॅमला तेलाचा पातळ हात. तेल जास्त झालं की राख पुन्हा चिकटायला लागते.

बाक हलत असेल तर चांगला प्रेसही वाईट वाटतो, म्हणून बोल्ट बाकाच्या पुढच्या कडेजवळ, जाड फळीतून आरपार आणि खाली मोठे वॉशर लावून आवळा. पन्नासेक केसेस साइझ झाल्या की ते बोल्ट पुन्हा एकदा तपासा. लाकूड दबतं आणि ते हमखास ढिले झालेले असतात.